पेन्शनच्या दाव्यासाठी सर्व्हिसचे कागद: रेकॉर्ड ऑफिस, सैनिक बोर्ड, स्पर्श आणि आरटीआय, कुठली वाट किती कामाची?

डिसेबिलिटी पेन्शन नाकारल्याचं पत्र हातात पडलं की मराठवाड्यातला माजी सैनिक पहिल्यांदा जिल्ह्याचं सैनिक बोर्ड गाठतो. बोर्डात त्याची फाइल नसते. ती असते त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोरच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत तीनचारशे किलोमीटर लांब. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमई (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारी कोर) आणि ऑर्डनन्सचं सिकंदराबादला, आर्मर्ड कोरचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं नागपूरजवळ कामठीला, मेडिकल कोरचं लखनौला. नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. तिथून कागद मागवायच्या चार वाटा आहेत: थेट टपाल, सैनिक बोर्डामार्फत अर्ज, स्पर्श हे पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल आणि माहितीचा अधिकार, म्हणजे आरटीआय. चारही वाटा सरकारी आहेत, चारही चालतात, पण एकीचं काम दुसरी करत नाही. आणि मूळ घोळ इथूनच सुरू होतो.

आधी एक फरक. डीएससीत, म्हणजे निवृत्त जवानांना घेणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये, पुन्हा भरती झालेल्यांच्या दोन सर्व्हिस असतात आणि दोन रेकॉर्ड. पहिली बेळगावला किंवा सागरला, दुसरी केरळात कन्नूरला. डीएससीच्या काळात कानाची किंवा गुडघ्याची तक्रार सुरू झाली असेल आणि कागद बेळगावला मागितले, तर तिथून 'आमच्याकडे नोंद नाही' असंच उत्तर येणार, आणि ते खरंच असतं.

थेट टपाल ही सगळ्यात जुनी आणि आमच्या मते अजूनही सगळ्यात भरवशाची वाट. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. पण पत्र कसं लिहिलंय यावर सगळं अवलंबून. 'माझे सर्व सर्व्हिस रेकॉर्ड द्यावे ही विनंती' असं पत्र गेलं की ते परत येतं नाहीतर पडून राहतं, कारण 'सर्व रेकॉर्ड' नावाचा कागद तिथे नसतो. रेकॉर्ड ऑफिसात कामं विभागलेली असतात. पेन्शन एकीकडे, पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं असे बदल रेकॉर्डात नोंदवणारा युनिटचा आदेश) आणि घरच्यांच्या नोंदी दुसरीकडे, मेडिकल कागद तिसऱ्या टेबलावर. एका पत्रात तीन मागण्या केल्या की पत्र एका टेबलावर पोचतं, तिथलं काम होतं आणि बाकी दोन मागण्या तिथेच राहतात. म्हणून एक विषय, एक पत्र. पाकीटही वेगळं.

पत्राच्या डोक्यावर सर्व्हिस नंबर लिहायचा तो शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. ते अक्षर शोभेचं नाही, आकडे बरोबर आहेत की नाहीत हे ताडून बघण्यासाठी ते दिलेलं असतं. नायब सुभेदार होऊन जेसी नंबर (जेसीओचा नवा सर्व्हिस नंबर) मिळालेल्यांनी जुना जवानाचा नंबरही लिहायलाच हवा. भरतीपासूनचे कागद, म्हणजे भरतीचा मेडिकल फॉर्म, सुरुवातीच्या हॉस्पिटल भरतीच्या नोंदी, जुन्या नंबरावर असतात. खाली रँक, डिस्चार्ज बुकात आहे तसंच नाव, शेवटची युनिट, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, पिनकोडसह पत्ता, मोबाइल. सोबत डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानांची आणि माजी सैनिक ओळखपत्राची झेरॉक्स. मूळ डिस्चार्ज बुक कधीही टपालात टाकू नये. एजंटाच्या हातात तर नाहीच नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टाची पावती हाच पुरावा. ती पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवायची. पुढच्या स्मरणपत्रात पहिल्या पत्राची तारीख आणि स्पीड पोस्टाचा नंबर घातला की शोधणाऱ्याचं काम निम्मं होतं.

आता नेमकं मागायचं काय? डिसेबिलिटीच्या दाव्यात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६, म्हणजे घरी येताना झालेल्या रिलीज मेडिकल बोर्डाची प्रोसीडिंग. त्यात आजाराचं नाव, टक्केवारी, किती काळासाठी, आणि आजार सर्व्हिसमुळे झाला किंवा वाढला का, याचं बोर्डाचं मत असतं. पुष्कळांकडे याचं फक्त पहिलं पान असतं. मत आतल्या पानांवर असतं, म्हणून 'सर्व पानं' हे शब्द पत्रात हवेतच. दुसरा कागद एएफएमएसएफ-१५, म्हणजे मधल्या काळात मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, खाली गेली किंवा बदलली तेव्हाचे बोर्ड. असे बोर्ड दोनचार वेळा झालेले असतात, तेव्हा 'सर्व' मागावेत. पडून, गाडीच्या अपघातात, खेळताना किंवा पीटीत मार लागला असेल तर आयएएफवाय-२००६ ही इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिची प्रत. तो माणूस त्या वेळी ड्यूटीवर होता का, हे याच कागदात लिहिलेलं असतं. चौथा म्हणजे भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म.

हा चौथा कागद लोक हमखास विसरतात, आणि केस उभी राहते ती याच्यावरच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट भरती झाला असं धरायचं, आणि नंतर आलेला आजार सर्व्हिसमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. म्हणजे भरतीच्या फॉर्मवर 'फिट' लिहिलेलं आणि रिलीज बोर्डात रक्तदाब, मधुमेह किंवा मानसिक आजार, ही दोन पानं शेजारी ठेवली की अर्धा युक्तिवाद तिथेच झाला. नाकारल्याच्या पत्रात 'सर्व्हिसमुळे नाही आणि सर्व्हिसने वाढलेलाही नाही' हे ठरलेलं वाक्य असतं. बोर्डाने त्याचं कारण नीट लिहिलंय का, हे फक्त प्रोसीडिंगमध्ये दिसतं.

टक्केवारीकडे बारीक नजर हवी. २० टक्के किंवा जास्त अपंगत्व आणि ते सर्व्हिसशी जोडलेलं, ही पेन्शनची अट. २०१४ च्या राम अवतार निकालानंतर वेळ भरून निवृत्त झालेल्यांनाही ब्रॉड बँडिंग लागू झालं. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ ला ७५ आणि त्यावर १००. बोर्डाने २० लिहिले की १५ ते १९ च्या घरात लिहिले, यावर म्हणून एवढं अवलंबून असतं. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर घरी आलेल्यांनी जुन्या निकालांची उदाहरणं तशीच न वापरता आपल्या तारखेचे नियम बघावेत.

सैनिक बोर्ड, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. इथले कल्याण संघटक बहुधा स्वतः फौजेतून आलेले असतात, आणि हीच या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू. कागद बघून ते दोन मिनिटांत सांगतात, कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला कुठला अर्ज. डिस्चार्ज बुक हरवलं असेल, बायकोचं नाव नोंदवायचं असेल, माजी सैनिकाच्या निधनानंतर कुटुंब पेन्शन सुरू करायची असेल, तर त्यांचं शिफारसपत्र जोडलेला अर्ज जास्त वजनाचा. डुप्लिकेट डिस्चार्ज बुकासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, फोटो आणि बोर्डाची शिफारस अशी जोडणी लागते. उणी बाजू अशी की बोर्डाला रेकॉर्ड उघडता येत नाही. ते पाठवतात आणि तुमच्यासारखीच उत्तराची वाट बघतात. बोर्डाने पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय घरी येऊ नये. 'पाठवलंय काका' एवढ्यावर सहा महिने जातात आणि पुढे शोधायला धागाच राहत नाही.

माजी सैनिक मेळावा जवळपास लागला तर तो चुकवू नये. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसचे लोक आपला टेबल मांडून बसतात, नाव-नंबर समोरासमोर ताडला जातो, आणि वर्षभराच्या पत्रव्यवहाराचं काम कधी कधी एका दुपारी होतं. जाताना झेरॉक्सचे दोन संच न्यावेत.

आता नावांचा घोळ, कारण मराठवाड्यातले निम्मे दावे याच्यात रुततात. रेकॉर्डमधलं नाव इंग्रजीत असतं, आणि ते भरतीच्या दिवशी एखाद्या परप्रांतीय कारकुनाने ऐकून लिहिलेलं असतं. आपला ज्ञानोबा तिथे जी-वाय-ए-एन-ओ-बी-ए असतो आणि आधारवर डी-एन-वाय-ए-एन-ओ-बी-ए. माणसाला एकच नाव दिसतं, संगणकाला दोन माणसं दिसतात. बाबुरावमधला 'राव' कधी चिकटलेला, कधी सुटा, कधी गायबच. जुन्या रेकॉर्डात आडनावच नसतं, नाव आणि बापाचं नाव एवढंच. जन्मतारीख शाळेत गुरुजींनी घातलेली १ जून, आधारवर भलतीच.

यावर उपाय करताना बहुतेक लोक उलटी दिशा पकडतात. रेकॉर्ड बदलायला जातात. डिस्चार्ज होऊन वीस वर्षं झाल्यावर रेकॉर्डमधलं नाव किंवा जन्मतारीख बदलणं फार अवघड, आणि जन्मतारखेवर तर पेन्शनचा सगळा हिशेब बसलेला असतो. आधार रेकॉर्डप्रमाणे करून घेणं सोपं. फक्त आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून केंद्रावर जायच्या आधी डिस्चार्ज बुकातलं स्पेलिंग एकेक अक्षर कागदावर उतरवून न्यावं. पॅन आणि बँक खातं त्याच दिवसात त्याच स्पेलिंगवर आणावं. नाहीतर एक जुळतं आणि दुसरं तुटतं.

बायकोच्या नावाचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर. लग्नात नाव बदलायची आपल्याकडची रीत. माहेरची कौशल्या सासरी सुमन होते, रेकॉर्डात कौशल्या लागलेली असते किंवा काहीच लागलेलं नसतं, कारण सुट्टीवर येऊन लग्न करून गेलेल्या जवानाने पार्ट टू ऑर्डर काढलीच नाही. माणूस जिवंत आहे तोवर हे निस्तरणं साधं असतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, जोडीचा फोटो, दोघांचे आधार, आणि सैनिक बोर्डामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. गावात विवाह नोंदणी ग्रामसेवकाकडे होते, आणि १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे जुन्या लग्नाचीही उशिराने दंड भरून नोंद करता येते. पण त्या अर्जावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. नवरा गेल्यावर ही दारं बंद होतात, आणि मग साठीची बाई कुटुंब पेन्शनसाठी कोर्टातून वारसदाखला आणायला तालुक्याला खेटे घालत बसते. ज्यांच्या पीपीओवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख नाही, त्यांनी हे काम या आठवड्यात सुरू करावं. घरात अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा दिव्यांग मुलगी असेल तर तिचंही नाव रेकॉर्डात आहे का ते याच पत्रात विचारावं, कारण आई-वडिलांनंतर तिचा हक्क त्या नोंदीवरून ठरतो.

स्पर्श. प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून चालणारं हे पोर्टल २०२१ पासून आलं आणि बँकांकडची जुनी खाती हळूहळू त्यावर गेली. ई-पीपीओ उतरवून घ्यायला, महिन्याची पेन्शन स्लिप बघायला, हयातीचा दाखला द्यायला उत्तम. पीपीओ हरवलाय म्हणून पत्र लिहिणाऱ्यांनी आधी स्पर्शवर बघावं, तिथे मिळाला तर महिन्यांचं काम दहा मिनिटांत होतं. पण स्पर्श म्हणजे रेकॉर्ड नव्हे. मेडिकल बोर्डाची प्रोसीडिंग तिथे शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, ती रेकॉर्ड ऑफिसातच. दुरुस्तीची विनंती स्पर्शवर टाकली तरी नाव, बायकोची नोंद, सर्व्हिसचे दिवस अशा गोष्टींची खात्री शेवटी रेकॉर्ड ऑफिसच करतं. म्हणून विनंती टाकली त्याच दिवशी तिचा क्रमांक घालून रेकॉर्ड ऑफिसला पत्रही टाकावं, दोन्ही टोकांना एकच नंबर दिसला पाहिजे. तालुक्याच्या सेवा केंद्रातून लॉगिन करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी: मोबाइल नंबर आपलाच टाकून घ्यावा. केंद्रवाल्याचा नंबर पडला की प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे, आणि त्याने दुकान बंद केलं की खातं बंद.

माहितीचा अधिकार ही शेवटची वाट नव्हे, पण पहिलीही नव्हे. साधं पत्र पाठवून महिना-दीड महिना गेला आणि उत्तर नाही, तेव्हा ती वापरावी. फी १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्राच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवरून किंवा पोस्टल ऑर्डर जोडून टपालाने. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ३० दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. आरटीआयमध्ये 'माझी पेन्शन का नाकारली' असं विचारू नये. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत. 'क्रमांक अमुक, रँक अमुक, नाव अमुक यांच्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या एएफएमएसएफ-१६ ची सर्व पानं आणि भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, साक्षांकित प्रत' असं लिहिलं की टाळायला जागा उरत नाही. अर्ज मराठीत करता येतो, पण सागरला किंवा जबलपूरला वाचणारा हिंदी-इंग्रजीवाला असतो, तेव्हा हिंदीत लिहिलेला बरा. पुतण्याने किंवा शेजाऱ्याने स्वतःच्या नावाने अर्ज केला तर तो 'तिसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती' म्हणून परत येतो. माजी सैनिकाने स्वतः सही करावी, तो हयात नसेल तर पत्नीने, पीपीओ आणि मृत्यू दाखला जोडून.

आता सगळ्यात घाईची गोष्ट. पाचसात वर्षं सर्व्हिस करून पेन्शन न घेता घरी आलेल्यांचे सर्व्हिस आणि मेडिकल कागद रेकॉर्ड ऑफिसात कायमचे राहत नाहीत. सेनेच्या नियमावलीतल्या परिच्छेद ५९५ प्रमाणे पेन्शन नसलेल्यांचे कागद डिस्चार्जपासून २५ वर्षांनी नष्ट केले जातात. २००२ ला आलेल्या माणसाची मुदत २०२७ ला भरते. मेडिकल कॅटेगरी खाली गेल्यामुळे बाहेर पडलेला जवान 'बघू पुढे' म्हणत बसला, तर ज्या पानावर त्याची केस उभी राहणार ते पानच राहत नाही. नष्ट केल्यानंतर राहतो तो लाँग रोल, एका ओळीची नोंद: नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज, डिस्चार्जचं कारण. वयोवृद्ध माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं जे निर्वाह अनुदान आहे त्याला डिस्चार्ज बुक हरवलेल्यांच्या बाबतीत या ओळीचा आधार होतो, म्हणून 'रेकॉर्ड नष्ट झालं' असं उत्तर आलं तरी थांबू नये. त्याच कार्यालयाला लाँग रोलचा उतारा आणि नष्ट केल्याची तारीख मागावी.

कागद हातात आले की पेन्शन नाकारल्याविरुद्ध पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, प्रत्येकाला त्या-त्या नाकारल्याच्या पत्रापासून सहा महिन्यांची मुदत. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. उशिराने गेलात तरी पेन्शनचा हक्क बुडत नाही, पण थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. दर महिन्याच्या उशिराला एका महिन्याची थकबाकी मागून गळत जाते. थकबाकीतला टक्का मागणाऱ्या एजंटाला हे चांगलं ठाऊक असतं, आणि तो मूळ कागद ताब्यात ठेवून घेतो ते त्यासाठीच.

प्रत आली की पहिल्याच दिवशी पानं मोजून कव्हरिंग पत्रातल्या आकड्याशी ताडावीत. जुन्या टाइप केलेल्या पानांच्या झेरॉक्स फिकट येतात, डॉक्टरांचं अक्षर आणि टक्क्याचा आकडा वाचता येत नाही, ५ चा ३ दिसतो. असं पान आलं तर लगेच पान क्रमांक लिहून सुवाच्य प्रत मागावी, आणि न वाचता येणारी प्रतही फाडून टाकू नये.